दोन सरोवरे आणि एक पेढी : फिनलंडमधील मॅन्त्ता

फिनलंड हा सरोवरांचा देश, हे वाक्य शालेय पुस्तकांतून सर्वांनी वाचलेले असते. परंतु ५०० चौरस मीटरहून मोठी सरोवरे मोजली असता त्यांची संख्या १,८७,८८८ भरते, हे वाचल्यावरच त्या वाक्याचा खरा अर्थ ध्यानात येतो. या देशात गाव पाण्याकाठी आहे असे सांगणे म्हणजे जवळजवळ काहीच न सांगणे होय. कोणते पाणी, ते कोठून येते आणि कोणत्या उंचीवरून खाली उतरते, हे सांगितले तरच त्या गावाचे वेगळेपण कळते. मध्य फिनलंडच्या अरण्यात, ताम्पेरे या औद्योगिक शहरापासून सुमारे ९० किलोमीटर अंतरावर वसलेल्या मॅन्त्ता या लहानशा नगराचे सारे भाग्य अशाच एका उताराने ठरविले. केउरुसेल्का हे विस्तीर्ण सरोवर वरच्या बाजूस आणि कुओरेवेसी हे खालच्या बाजूस; दोहोंच्या मध्ये जमिनीची एक अरुंद पट्टी आणि तीमधून खळाळत उतरणारा प्रवाह. एवढीच काय ती या गावाची मूळ मालमत्ता.

या उताराचे मोल ओळखणारा माणूस अभियंता नव्हता, जमीनदारही नव्हता. गुस्ताफ अडोल्फ सेर्लाकियस (१८३०–१९०१) हा ताम्पेरे शहरातील औषधालयाचा मालक. त्याच ताम्पेरेत १८६५ साली फ्रेडरिक इडेस्टाम याने लाकडापासून कागदाचा लगदा करण्याची गिरणी उभारली होती. पुढे जगभर गाजलेल्या नोकिया या कंपनीचे मूळ त्या गिरणीत आहे. शेजारच्या माणसाच्या धंद्यात काय चालले आहे याकडे डोळसपणे पाहणे, हा व्यापाऱ्याचा पहिला गुण. औषधविक्रेत्याने तो दाखविला. १८६८ साली त्याने मॅन्त्ताच्या प्रवाहाकाठी स्वतःची गिरणी सुरू केली.

१८६८ हे वर्ष फिनलंडमध्ये कोणी विसरत नाही. १८६६ पासून लागोपाठ पिके बुडाली होती. १८६७ मध्ये वसंत ऋतू आलाच नाही असे म्हणावे लागेल, कारण सरोवरांवरील बर्फ जूनपर्यंत टिकून राहिला आणि उशिरा पेरलेले धान्य शरदातील हिवाने करपून गेले. लोक झाडांच्या सालीचे पीठ भाकरीत मिसळून खात होते, आणि रस्त्यांवरून भिक्षेकऱ्यांचे तांडे फिरत होते. त्यांच्याबरोबर रोगही फिरले. त्या दुष्काळात देशाच्या लोकसंख्येपैकी सुमारे आठ टक्के माणसे मृत्यू पावली. युरोपातील शांततेच्या काळातील अखेरच्या मोठ्या दुष्काळांपैकी हा एक. ज्या वर्षी माणसे सालीची भाकरी खात होती, त्याच वर्षी त्याच झाडांच्या लाकडापासून विकाऊ माल तयार करण्याचे काम मॅन्त्ताला सुरू झाले. ही गोष्ट केवळ योगायोगाची नव्हे. शेतीवर विसंबून चालणार नाही, अरण्य हेच या देशाचे खरे शेत आहे, हा विचार त्या दुष्काळानंतर फिनलंडच्या व्यवहारात रुजला.

लाकडापासून कागद कसा होतो, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पूर्वी युरोपात कागद चिंध्यांपासून होई, आणि चिंध्यांचा पुरवठा मागणीला पुरेना. १८४० नंतरच्या काही वर्षांत केलर नावाच्या एका जर्मन कारागिराने युक्ती शोधली : ओले लाकूड फिरत्या दगडी चाकावर दाबून धरावे, वरून पाणी सोडावे, म्हणजे लाकडाचे तंतू सुटे होऊन लगदा तयार होतो. जात्यावर धान्य दळावे तसे हे लाकूड दळणे होय. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. स्प्रूससारखे मऊ लाकूड, भरपूर स्वच्छ पाणी आणि दगड फिरविणारी शक्ती. मॅन्त्ताला तिन्ही एका जागी उपलब्ध होत्या. नव्हती ती बाजारपेठ. आसपास शहर नव्हते, रेल्वेही नव्हती. माल हिवाळ्यात बर्फावरून घसरगाडीने आणि उन्हाळ्यात पाण्यावरून न्यावा लागे. परंतु फिनलंड त्या वेळी रशियाच्या झारच्या आधिपत्याखाली होता आणि सेंट पीटर्सबर्गसारखी प्रचंड राजधानी पूर्वेस होती. तेथे छापखाने होते, कचेऱ्या होत्या आणि कागदाची अखंड भूक होती. लगद्यावर न थांबता १८८१ साली मॅन्त्ताला कागद तयार करण्याचे यंत्र बसले. कच्चा माल विकण्यापेक्षा पक्का माल विकण्यात लाभ अधिक, हे गणित सर्व देशांतील व्यापाऱ्यांना सारखेच कळते.

सेर्लाकियस हा कर्ज काढण्यास न भिणारा, शीघ्रकोपी आणि मोठी स्वप्ने पाहणारा मनुष्य होता. फिनिश भाषेत अशा गिरणीच्या धन्याला ‘पत्रूना’ म्हणतात. तो केवळ मालक नसे. गिरणीच्या गावात घर त्याचे, दुकान त्याचे, रस्ता त्याचा; शाळेचा खर्च तो करी आणि आजाऱ्याचा औषधोपचारही त्याच्याच कृपेवर असे. घरात स्वीडिश बोलणारा धनी आणि फिनिश बोलणारे कामगार, असे हे जग होते. अशा आश्रयाला दोन बाजू असतात. दुष्काळातून आलेल्या माणसाला नियमित मजुरी आणि डोक्यावर छप्पर मिळाले, ही एक बाजू. ज्याची नोकरी गेली त्याचे घरही गेले, ही दुसरी. मॅन्त्ताच्या इतिहासाविषयी बोलताना पहिली बाजू मोठ्याने सांगण्याचा मोह होतो. दुसरी वगळली तर तो इतिहास राहत नाही, स्तुतिपाठ होतो.

१९०१ साली संस्थापक निवर्तला, तेव्हा पेढीची स्थिती चिंताजनक होती. अशा वेळी घराण्यातील कोणता माणूस पुढे येतो, यावर पेढीचे आयुष्य अवलंबून असते. येथे पुढे आला तो पुतण्या. यॉस्टा सेर्लाकियस (१८७६–१९४२) हा संस्थापकाचा पुतण्या आणि जावईही होता. चुलत भावंडांचा विवाह त्या समाजात निषिद्ध नव्हता. यॉस्टाने आधी अन्य गिरण्यांत काम करून अनुभव मिळविला आणि १९१३ मध्ये मॅन्त्ताच्या कंपनीची सूत्रे हाती घेतली. घरच्या पेढीवर बसण्यापूर्वी बाहेरची नोकरी करून आलेला वारस अधिक सावध असतो. यॉस्टाच्या कारकिर्दीकडे पाहता हे पटते.

सूत्रे हाती येऊन चार वर्षे होतात न होतात तोच पायाखालची जमीन सरकली. १९१७ साली रशियात क्रांती झाली. फिनलंड स्वतंत्र झाला खरा, परंतु ज्या बाजारपेठेवर दोन पिढ्या जगल्या ती एका रात्रीत बंद झाली. १९१८ च्या आरंभी देशात ‘लाल’ आणि ‘पांढरे’ असे यादवी युद्ध पेटले. कामगार आणि कूळ प्रामुख्याने एका बाजूस; जमीनदार, कारखानदार आणि स्वतंत्र शेतकरी दुसऱ्या बाजूस. या युद्धाची एक प्रमुख आघाडी मॅन्त्ताच्या अगदी शेजारी, विल्पुलाच्या प्रवाहाकाठी होती. मॅन्त्ता पांढऱ्यांच्या बाजूस राहिले. युद्ध काही महिन्यांत संपले. त्याने पाडलेल्या जखमा पुढे कित्येक दशके गावागावांतील कामगार वस्त्यांत भरून आल्या नाहीत. एकाच गिरणीत रोज समोरासमोर उभे राहणाऱ्या माणसांनी परस्परांविषयी काय मनात ठेवले असेल, याची कल्पनाच करावी. फिनलंडच्या मालकवर्गाने कामगार संघटनांना वाटाघाटीचा अधिकार मान्य केला तो १९४० च्या जानेवारीत, तोही सोव्हिएत आक्रमणामुळे सारा देश एकत्र आला तेव्हा.

बाजारपेठेच्या प्रश्नावर कागद गिरण्यांनी काढलेला तोडगा व्यापारी वाचकांनी लक्षात घेण्याजोगा आहे. परस्परांचे स्पर्धक असलेल्या गिरण्यांनी १९१८ मध्येच एकत्र येऊन संयुक्त विक्री संघ स्थापन केला आणि पश्चिम युरोप व त्यापलीकडील देशांत एका आवाजात माल विकण्यास प्रारंभ केला. एकेकट्या गिरणीला लंडनमध्ये कोण विचारणार? संघाला मात्र विचारावेच लागले. मॅन्त्ताची भरभराट झाली ती या दोन दशकांत.

आज मॅन्त्ताला जाणारा प्रवासी जे पाहतो त्यातील बहुतेक या काळातील आहे. १९२२ मध्ये मॅन्त्ता स्वतंत्र नगरपालिका-क्षेत्र बनले. १९२८ साली कंपनीच्या पैशाने लाल विटांचे चर्च उभे राहिले. आतील लाकडी कोरीवकाम हान्नेस आउतेरे या शिल्पकाराचे असून बायबलमधील प्रसंग त्याने ग्रामीण फिनिश माणसांच्या चेहऱ्यामोहऱ्याने घडविले आहेत. १९३४ मध्ये कंपनीची शुभ्र, सडसडीत मुख्य कचेरी पूर्ण झाली. एवढ्याशा गावात अशी कचेरी पाहून आश्चर्य वाटते; परंतु तेथून लंडनशी पत्रव्यवहार चाले, हे ध्यानात घेतले की आश्चर्य ओसरते. १९३५ मध्ये गावाबाहेर, मेलासयार्वी सरोवराच्या काठी, यॉस्टाचा योएन्निएमी हा वाडा बांधून झाला. समोर उतरत जाणारी हिरवळ, पाठीशी पाइन वृक्षांची राई आणि पाण्यात उलटे पडलेले वाड्याचे प्रतिबिंब. धनिकांचे असे वाडे युरोपात असंख्य आहेत. या वाड्याची गोष्ट वेगळी झाली ती त्यातील भिंतींवर टांगलेल्या चित्रांमुळे.

चित्रांची आवड या घराण्यात पहिल्या पिढीपासून होती. फिनलंडचा अग्रगण्य चित्रकार अक्सेली गॅलेन-काल्लेला याचे अरण्यातील कलागृह जवळच्याच रुओवेसी परिसरात होते. यॉस्टाने गॅलेन-काल्लेला, अल्बर्ट एडेलफेल्ट, हेलेन शेर्फबेक अशा स्वदेशी कलावंतांची, तसेच जुन्या युरोपीय चित्रकारांची चित्रे जमविली. आणि १९३३ साली, वाडा पूर्ण होण्याच्याही आधी, त्याने एक निर्णय घेतला : स्वतःच्या नावे कलाप्रतिष्ठान स्थापून संग्रह त्याच्या स्वाधीन केला. मागील दोन पिढ्यांत पेढी किती वेळा डगमगली होती हे त्याने जवळून पाहिले होते. जे पेढीच्या नावावर आहे ते पेढीबरोबर जाऊ शकते, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. १९४२ मध्ये त्याचे निधन झाले. युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, योएन्निएमीचे दरवाजे संग्रहालय म्हणून जनतेसाठी उघडले. ज्या दिवाणखान्यात गिरणीचा कामगार टोपी हातात धरूनही सहसा येऊ शकला नसता, तेथे तो आता आपल्या मुलाबाळांसह चित्रे पाहण्यास येऊ शकत होता.

पुढील पिढीत यॉस्टाचा पुत्र आर. एरिक सेर्लाकियस याच्या हाती कारभार आला. युद्धोत्तर काळात कागदाला मागणी अमाप होती. गावात काम होते, मजुरी चांगली होती. आणि वास होता. लाकूड रसायनांत शिजवून लगदा करण्याच्या पद्धतीत गंधकयुक्त वायू सुटतात. वारा फिरला की सारे गाव त्या उग्र दर्पाने भरून जाई. फिनलंडच्या गिरणी-गावांत या दर्पाला ‘पैशाचा वास’ म्हणत. तक्रार करणाऱ्याला हे उत्तर पुरेसे असे. परंतु वास वाऱ्याबरोबर जातो, सांडपाणी जात नाही. गिरणीतून निघणारे मळीसारखे काळसर द्रव्य खालच्या सरोवरांत उतरे, पाण्यातील प्राणवायू नाहीसा होई आणि जीवसृष्टी गुदमरे. ज्या पाण्याने गाव वसविले त्याच पाण्याचे ऋण गावाने असे फेडले, हे मॅन्त्ताच्या वैभवकाळाचे सर्वांत कटू सत्य होय.

या मळीतून निघालेला एक प्रयोग मात्र विलक्षण आहे. तिच्यात लाकडातील साखर शिल्लक राहते. त्या साखरेवर सूक्ष्म बुरशी वाढवून, ती वाळवून, प्रथिनयुक्त पशुखाद्य तयार करण्याची पद्धत फिनिश शास्त्रज्ञांनी शोधून काढली. तिला ‘पेकिलो’ हे नाव मिळाले. १९८२ च्या सुमारास मॅन्त्तालाही पेकिलोचा कारखाना उभा राहिला. सरोवरावरील भार हलका व्हावा आणि टाकाऊतून विकाऊ वस्तू मिळावी, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. परंतु ज्या लगदा-विभागाच्या मळीवर तो अवलंबून होता तोच १९९१ मध्ये बंद झाला, आणि पेकिलोही थांबला. सरोवरांना मात्र जीवदान मिळाले. पाणी हळूहळू निवळू लागले. कित्येक घरांची चूल ज्यावर पेटते असा विभाग बंद होणे आणि पाणी स्वच्छ होणे या दोन वार्ता एकाच गावाने एकाच वर्षी ऐकल्या असतील, तर त्यातील कोणत्या वार्तेवर काय बोलावे, हे बाहेरच्या माणसाने ठरवू नये.

त्याआधीच पेढी संपली होती. दिवाळे निघाले नव्हते. १९८६-८७ मध्ये सेर्लाकियस कंपनीचे मेत्सालिट्टो समूहाच्या कंपनीत विलीनीकरण झाले आणि मेत्सा-सेर्ला हे जोडनाव तयार झाले. २००१ मध्ये त्या जोडनावातील ‘सेर्ला’ही गळाले. एका घराण्याची शंभराहून अधिक वर्षांची मालकी अशी कागदोपत्री, गाजावाजा न होता, मिटली. गिरणी आजही चालू आहे. तेथे टिश्यू पेपर आणि भट्टीत वापरावयाचा कागद तयार होतो. ती ज्या समूहाच्या मालकीची आहे त्याच्या मुळाशी वनमालक शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे. पहिला सेर्लाकियस ज्या शेतकऱ्यांच्या दारी जाऊन लाकडाचा भाव करीत असे, त्यांच्याच वारसांची संघटना आता गिरणीची धनीण आहे. आणि घराण्याचे नाव? फिनलंडच्या किराणा दुकानांत ‘सेर्ला’ या छापाचे कागदी रुमाल व स्वच्छतागृहातील कागद विकला जातो. कित्येक ग्राहकांना हे एका घराण्याचे आडनाव होते याची जाणीवही नसते.

याउलट प्रतिष्ठान. पेढीहून स्वतंत्र ठेवल्यामुळे ते पेढीमागे राहिले, आणि वाढलेही. रिकामी झालेली पांढरी मुख्य कचेरी त्याने २००३ मध्ये संग्रहालय म्हणून खुली केली. तिला संस्थापक गुस्ताफचे नाव देण्यात आले होते, वाड्यातील संग्रहालयाला यॉस्टाचे. २०१४ मध्ये वाड्याशेजारी लाकडाची नवी लांबट इमारत उभी राहिली. तिच्यासाठी खुली आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेऊन बार्सिलोनातील तरुण वास्तुविशारदांची निवड करण्यात आली होती. फाटे देऊन उभ्या केलेल्या लाकडी चौकटींमधून सरोवर असे दिसते की जणू अरण्यातील खोडांमधूनच पाहात आहोत. चित्रकारांनीही बंद पडलेला पेकिलोचा कारखाना सोडला नाही. १९९३ पासून उन्हाळ्यात मॅन्त्ताला समकालीन चित्र-शिल्पकलेचा महोत्सव भरतो, दरवर्षी निराळ्या निवडकर्त्याच्या देखरेखीखाली, आणि त्याचे मुख्य स्थान म्हणजे हीच पेकिलोची इमारत. जेथे बुरशीच्या टाक्या होत्या तेथे आता देशभरातील कलावंतांच्या कृती मांडलेल्या असतात.

कलेने गाव सावरले, असे मात्र घाईने म्हणता येत नाही. २००९ मध्ये मॅन्त्ता शेजारच्या विल्पुलाशी जोडले जाऊन मॅन्त्ता-विल्पुला असे एक नगर झाले. ज्या दोन गावांत एकेकाळी गिरणी आणि रेल्वे स्थानक अशी वाटणी होती, त्यांना खर्च भागविण्यासाठी एकत्र यावे लागले. दोन्ही मिळून लोकसंख्या आज दहा हजारांच्या आत आहे आणि ती घटतेच आहे. तरुण मुले ताम्पेरे किंवा हेलसिंकीस शिकावयास जातात आणि बहुतेक तेथेच राहतात. संग्रहालयातील नोकऱ्या गिरणीतील नोकऱ्यांची जागा भरून काढू शकत नाहीत. तरीही केवळ एक चालू गिरणी आणि बंद दुकाने असलेली गावे फिनलंडच्या अरण्यात इतरही आहेत. मॅन्त्ताला जगाच्या पाठीवरून माणसे येतात, हा फरक लहान नव्हे.

या नगराचे रोजचे जीवन ऋतूंच्या हाती आहे. ६२ अक्षांशांवरील या प्रदेशात डिसेंबरमध्ये दिवस सुमारे पाच तासांचा, तर जूनच्या उत्तरार्धात सुमारे वीस तासांचा असतो. हिवाळ्यात सरोवर गोठते. लोक त्यावरून स्कीने जातात आणि बर्फाला भोक पाडून गार पाण्यात बुडी मारतात. जूनमधील ‘युहान्नुस’च्या सणाला काठाकाठांवर होळीसारखे ढीग पेटवितात, त्यांस ‘कोक्को’ म्हणतात. प्रत्येक घराला, नाही तर निदान प्रत्येक इमारतीला, सौना म्हणजे लाकडी बाष्पस्नानगृह असते. २०२० मध्ये युनेस्कोने या सौना-संस्कृतीची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. सौनात पद उरत नाही, असे फिनिश लोक मानतात. पत्रूनाच्या काळातही ते तितकेसे खरे होते काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. २०२२ मध्ये प्रतिष्ठानाने योएन्निएमीच्या काठी कलावस्तूंनी सजविलेली सौना बांधून ती पाहुण्यांसाठी खुली केली.

जुलै-ऑगस्टमध्ये अरण्यात जांभळ्या रंगाची ‘मुस्तिक्का’ ही आंबटगोड फळे पिकतात. जमीन कोणाचीही असो, तेथे चालण्याचा आणि अशी फळे वेचण्याचा अधिकार फिनलंडमध्ये सर्वांना आहे. झाड तोडण्याचा अथवा कोणाच्या अंगणात शिरण्याचा नाही. शाकाहारी प्रवाशाची येथे अगदीच उपासमार होत नाही. राय धान्याची काळी पाव-भाकरी, दही आणि ताजी फळे सर्वत्र मिळतात. रायच्या पातळ पारीत भाताची खीर भरून भाजलेली कारेलियन पुरी चवदार असते. तिच्यावर अंडे घातलेले लोणी लावण्याची प्रथा आहे, ते आधीच नको म्हणून सांगावे.

हेलसिंकीहून ताम्पेरेपर्यंत रेल्वेने आणि तेथून विल्पुलापर्यंत लहान गाडीने जाता येते. उन्हाळ्यात ताम्पेरेहून थेट संग्रहालयापर्यंत बसही असते. गावात शिरताना प्रथम गिरणीची धुराडी आणि वाफ दिसते, मग चर्चचा मनोरा, मग पांढरी कचेरी. तेथून वाड्यापर्यंतची वाट सरोवराच्या कडेने जाते. ती पायी चालावी. पुलावर थांबले की केउरुसेल्काचे पाणी गिरणीच्या भिंतीला लागून कुओरेवेसीकडे उतरताना दिसते.